बाळूची पेटी आणि वासाचा हात

"आमच्या बाळूक उवो झाल्यो गो बाय. अंगभर! तुमी औषध मारूक येशात काय?"

फोनवरच्या बाई मालवणीत बोलत होत्या आणि आवाज रडवेला होता. मी रिक्षात होते, मागून हॉर्न वाजत होते. मी म्हटलं, "काकू, उवांचं काम आम्ही करत नाही. मेडिकलमधून शॅम्पू आणा. बाळू शाळेत जातो का? तिथूनच आल्या असतील."

"शाळेत कित्याक जायत? तो साप हा!"

मी रिक्षावाल्याला गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

घाटकोपरला माझी पेस्ट कंट्रोलची लहानशी एजन्सी आहे. झुरळं, ढेकूण, वाळवी, उंदीर, पावसाळ्यात मुंग्या. वर्षानुवर्षं तेच. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली डोकं घालून मी किती आयुष्य काढलंय याचा हिशेब नको. आणि आता कोणीतरी मला सापाच्या पेटीला औषध मारायला बोलवत होतं! मला इतका आनंद झाला की मी पत्ता दोनदा विचारला. माझा टेक्निशियन दिलीपदादा शेजारी बसला होता. पंप खांद्याला लावून त्याने माझ्या कितीतरी आधीपासून या धंद्यात वर्षं काढली आहेत. त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, साप नाय हां. ढेकूण बोला, वाळवी बोला, मी कधी नाय बोललो नाय."

"तुला सापाला हात लावायचाच नाहीये, दादा. पेटीला लावायचाय."

"पेटीत काय असतं मग?"

मी रिक्षावाल्याला नवा पत्ता सांगितला.

परब काकूंचं घर घाटकोपर पश्चिमेला, रीडेव्हलपमेंट झालेल्या एका इमारतीत. घरात काकू आणि त्यांचा मुलगा संकेत. संकेत अंधेरीला कार्गोच्या ऑफिसात शिफ्टमध्ये काम करतो. साप त्याचा. आपल्या रानातला साप घरात ठेवणं गुन्हा आहे, म्हणून दारातच मी विचारलं, "कागद आहेत का?" त्याने दाखवले. परदेशी जात, सरकारदरबारी नोंदणी केलेली. मगच मी चपला काढल्या.

या सापाला बॉल पायथन म्हणतात. अजगरातली लहान जात. घाबरला की अंगाची गुंडाळी करून चेंडू होतो, म्हणून बॉल. संकेतने पहिल्यांदा घरी आणला तेव्हा काकू दोन दिवस बहिणीकडे जाऊन राहिल्या होत्या. मग परत आल्या, मुलगा कामावर, नवरा गेलेला, घरात बोलायला दुसरं कोणी नाही. 'बॉल'चं 'बाळ' झालं आणि 'बाळ'चं 'बाळू'. आता त्या त्याला सकाळची बातमी सांगतात. त्याच खोलीत काचेच्या आणखी दोन पेट्यांत संकेतच्या दोन परदेशी पाली होत्या. त्यांच्याशी मात्र काकू बोलत नव्हत्या. "पाल ती पालच," त्या मला म्हणाल्या.

बाळू पाण्याच्या भांड्यात बसला होता. नुसता बसला नव्हता, नाकाचं टोक वर ठेवून अख्खा बुडून राहिला होता. संकेत म्हणाला, "ताई, बाहेरच येत नाही. खात पण नाही."

मी पांढरा टिश्यू ओला करून त्याच्या पाठीवरून हलकेच फिरवायला सांगितला. टिश्यूवर काळे ठिपके आले आणि ते ठिपके चालायला लागले.

माझ्या अंगावर काटा आला. भीतीने नाही. वीस वर्षं किडे बघूनसुद्धा न बघितलेला किडा समोर आला की आमच्यासारख्यांना जे होतं, ते झालं. मी भिंग काढलं आणि जमिनीवर मांडीच घातली.

या ठिपक्यांना माइट म्हणतात. उवा नव्हेत. गोचीड माहीत असेल, त्याच्या जवळच्या नात्यातला हा प्राणी. खसखशीच्या दाण्याएवढा. सापाच्या खवल्यांखाली, डोळ्याच्या कडेला, हनुवटीच्या घडीत शिरून रक्त पितो. साप बिचारा पाण्यात बसतो, कारण पाण्यात ते बुडतात. आता यातली गोम अशी की पोट भरलं की माइट सापाच्या अंगावरून उतरतो आणि पेटीच्या फटींत जाऊन अंडी घालतो. म्हणजे साप कितीही धुवा, पेटीत पिढी तयारच असते. साप डॉक्टरचा. पेटी माझी.

आले कुठून, तेही कळलं. संकेतने साप पाळणाऱ्या कोणाकडून तरी जुना लाकडी ओंडका घेतला होता, बाळूला चढायला. सालीच्या आत ते भरलेले होते. शंका आल्यावर त्याने पेटीतलं जुनं अंथरूण, म्हणजे नारळाच्या सोडणाचे तुकडे, पिशवीत भरले आणि ती पिशवी रात्रभर पॅसेजमध्ये ठेवली, सकाळच्या कचऱ्यासाठी. पिशवीला गाठ नव्हती. सकाळी शेजारणीच्या चपलांच्या रॅकवर काळे ठिपके चालत होते.

मग व्हायचं तेच झालं. सोसायटीचे सेक्रेटरी चव्हाण साहेब, बँकेतून रिटायर झालेले, घरी येऊन सांगून गेले: रविवारी मीटिंग आहे, त्याच्या आत सगळं साफ झालं पाहिजे, नाहीतर साप इमारतीच्या बाहेर.

"त्यांना असं काढता येतं का?" मी विचारलं.

"कायद्याने येत नसेल," संकेत म्हणाला. "पण आईला जिन्यात रोज यांचीच तोंडं बघायचीत. मी नाशिकला एकाशी बोलून ठेवलंय. तो ठेवून घेईल बाळूला."

काकू स्वयंपाकघरात गेल्या. नळ सुरू झाला. धुवायला तिथे भांडं एकही नव्हतं, मला दिसत होतं.

तेव्हा मी ठरवलं की हे काम मी जीव ओतून करणार.

पण जीव ओतून करणं आणि बरोबर करणं यांत फरक आहे. सापाबद्दल मला काही येत नव्हतं, म्हणून आधी डॉक्टर. मुलुंडला अशा प्राण्यांच्या एक डॉक्टर आहेत, डॉ. अमृता. संकेत त्यांच्याकडेच जायचा. फोन स्पीकरवर लावला आणि मी माझ्या बॅगेतली औषधं एकेक करून वाचत गेले. त्या बहुतेकांना नको म्हणाल्या. शेवटी एकाला हो म्हणाल्या, तेही अटी घालून: पेटी पूर्ण रिकामी हवी, औषध फक्त फटीत, लेबलवर लिहिलंय त्याहून थेंबभर जास्त नाही, आणि जनावर त्या खोलीतसुद्धा नको.

"आणि फिनेल, रॉकेल, डांबराच्या गोळ्या, यातलं काही जवळपास नको," त्या म्हणाल्या. "साप जिभेने वास घेतो. त्याचं फुफ्फुस नाजूक, आणि हा आधीच अशक्त झालाय. ताई, पेटी वाळली की त्यात स्वतःचं नाक घाला. वास आला तर बाळू परत आत जाणार नाही. बिलकुल वास नाही आला, तरच."

मी दिलीपदादाकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. मुंबईत लोकांना पेस्ट कंट्रोल नाकाने कळतं. हल्लीच्या चांगल्या औषधांना वासच नसतो. झुरळांची जेल लावली, ढेकणांना वाफ दिली, काम चोख झालं, तरी पार्टी म्हणते, "वास नाही आला, तुम्ही नुसतं पाणी मारलं." पार्टी म्हणजे आमचं गिऱ्हाईक. म्हणून जुने टेक्निशियन काम संपलं की दाराशी, बेसिनखाली फिनेलचा एक फडका फिरवतात. त्याने किडा मरत नाही, पार्टी खूश होते. आमच्यात त्याला वासाचा हात म्हणतात. दिलीपदादाचा वासाचा हात असा की अख्ख्या मजल्याला कळावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू केलं. बाळूला काकूंनी भरतकाम केलेल्या उशीच्या अभ्र्यात घातलं, वर गाठ मारली आणि संकेत त्याला घेऊन मुलुंडला डॉक्टरांकडे गेला. साप असाच न्यायचा असतो. हवा मिळते आणि अंधारात तो शांत राहतो. पालींना हवेची भोकं पाडलेल्या डब्यांत घालून आतल्या खोलीत ठेवलं. खाली पांढरा कागद, म्हणजे काळं काही चाललं तर दिसेल. त्या डब्यांची झाकणं काकूंनी स्वतः लावली, जरा जोरातच.

मग पेटीची वायर काढली. दिवा बंद, गरम पट्टी बंद. अंथरूण दोन पिशव्यांत, दोन्हींना गाठ, आणि पिशवी पॅसेजमध्ये न ठेवता थेट खाली. ओंडकाही गेला. मी पाण्याच्या भांड्याकडे वळले तर काकू मध्ये आल्या.

त्यांच्या हातात एक करवंटी होती. बाळू तिच्यात डोकं घालून झोपायचा.

"ही फेकतलास?"

"काकू, हिच्या आत पण असतील ते."

"माझ्या म्हायेरच्या माडाची करवंटी ती. त्येका दुसरी आवडत नाय."

मी म्हटलं, फेकत नाही, उकळू. काकूंनी अंघोळीच्या पाण्याचा टोप गॅसवर चढवला आणि करवंटी आत टाकली. वर झाकण, झाकणावर खलबत्ता. एवढ्या प्रेमाने कोणी करवंटी उकळताना मी बघितलेलं नाही.

आता पेटी. ढेकणांसाठी आमच्याकडे वाफेचं मशीन असतं. पण गार काचेवर एकदम वाफ मारली तर काच तडकते, म्हणून आधी कोमट पाण्याने पुसून मग लांबून, हळूहळू. काचा गुळगुळीत, तिथे काही नव्हतं. सिलिकॉनच्या सांध्यात थोडे. मला खात्री होती की मुख्य वस्ती वेगळीच आहे, पण सापडेना. दिलीपदादा म्हणाला, "मॅडम, वाळवी कुठे बसते? जिकडे आपण हात घालत नाय तिकडे."

मी पुढची सरकती काच उचलून काढली. ती ज्या खाचेत सरकते, त्या खाचेत टॉर्च मारला.

"दादा! इकडे ये! बघ, बघ!"

अख्खी खाच काळी होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरलेली, हलणारी. मला नाचावंसं वाटलं. दिलीपदादासुद्धा साप विसरला आणि गुडघ्यावर बसला. "आईशप्पथ, झकास!" तो म्हणाला. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण शिकार सापडल्याचा आनंद असाच असतो. आम्ही वाफ मारली, व्हॅक्यूमने ओढलं, पुन्हा वाफ मारली. टूथब्रशने कोपरे घासले. दोन पालींच्या पेट्याही तशाच केल्या. शेल्फची मागची बाजू, भिंतीची पट्टी, स्विचबोर्डाखालचा भाग, काही सोडलं नाही. शेवटी फटींमध्ये औषधाची बारीक रेघ, आणि तिन्ही पेट्या उघड्या ठेवून पंखा, खिडक्या सताड.

तेवढ्यात माझ्या मागे बाटलीचं बूच उघडल्याचा आवाज आला.

मी वळले. दिलीपदादा बाळूच्या पेटीसमोर उकिडवा बसलेला, एका हातात फडका, दुसऱ्या हातात फिनेल.

"दादा, हात वर!"

तो एवढा दचकला की त्याने खरोखरच दोन्ही हात वर केले. बाटली हातात होती, सांडली नाही, हे आमचं नशीब. "सवय, मॅडम," तो म्हणाला. "काम झालं की हात आपोआप जातो. पण बघा हां, वास नाय आला तर पार्टी बोलणार, काय केलंच नाय."

"पार्टी साप आहे, दादा. तो नाही बोलणार."

"सेक्रेटरी बोलेल," दिलीपदादा म्हणाला. बाटली मात्र त्याने खाली आमच्या सामानाच्या गाडीत नेऊन ठेवली.

संध्याकाळी मी पेटीत नाक घातलं. काही नाही. संकेतने घातलं, काही नाही. काकूंनी पदर बाजूला करून अख्खं डोकंच आत घातलं आणि म्हणाल्या, "नुसतो काचेचो वास." मग पांढरा कागद पसरला, त्यावर ती करवंटी ठेवली आणि डॉक्टरांकडून औषध लावून आलेल्या बाळूला आत सोडलं. तो आत गेला, जीभ बाहेर काढत काढत सगळे कोपरे फिरला आणि करवंटीत डोकं घातलं. काकूंनी माझा हात घट्ट धरला.

दिलीपदादाचं भाकीत मात्र खरं झालं. चव्हाण साहेब बघायला आले. दारात उभे राहिले आणि नाक वर केलं. एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं.

"मॅडम, वास कुठाय?"

मी समजावलं. पांढरा कागद दाखवला, खाचेतल्या मेलेल्या माइटची बाटली दाखवली. अंडी वाफेतूनही एखाददुसरी वाचतात, म्हणून पुढच्या आठवड्यात दुसरा राउंड करणार, तेही सांगितलं. हा माझा खरेपणा अंगाशी आला.

"म्हणजे अजून झालेलं नाही," ते म्हणाले. "आणि वास पण नाही. मी मीटिंगमध्ये काय सांगू?"

रविवारी दुपारी मी विद्याविहारला एका हॉटेलच्या किचनमध्ये होते, तोच काकूंचा फोन आला. एवढंच ऐकू आलं: "बाय, येवा! फिनेल घेऊन इलेत!"

मी आणि दिलीपदादा आमच्या गाडीने सुटलो. वाटेत संकेतला फोन लावून सांगितलं, दाराखाली ओला टॉवेल घाल, बाळूला अभ्र्यात घालून खिडकीशी ने. खरं सांगते, त्या गाडीत मी घाबरले होते. दाराच्या फटीतून फिनेलची वाफ खोलीत भरली असती तर त्या अशक्त जनावराचं काय झालं असतं, हे डॉक्टरांनी मला पुरेसं स्पष्ट सांगितलं होतं.

आम्ही जिना चढून वर पोहोचलो तर पॅसेजमध्ये सोसायटीचा सफाईवाला फिनेलची बादली घेऊन उभा. त्याच्या शेजारी चव्हाण साहेब. आणि त्या दोघांच्या समोर, बरोबर स्वतःच्या दारात, काकू फतकल मारून बसलेल्या. पुढ्यात सूप, सुपात सुकट. त्या सुकट निवडत होत्या. अख्ख्या मजल्यावर वास सुटला होता.

"वास होयो ना तुमका?" त्या चव्हाण साहेबांना म्हणत होत्या. "मगे ह्यो घेवा! आनी माझ्या अंगावरसून फिनेल घालून दाखवा."

सफाईवाल्याने बादली खाली ठेवली होती. तो म्हणाला, "साहेब, मी काकूंच्या अंगावर नाही ओतणार."

मी आवाज चढवणारच होते, पण चव्हाण साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि एकदम दमल्यासारखे बोलले. "मॅडम, मला पटतंय हो तुमचं. मी तो कागद बघितला ना. पण सकाळपासून लोक विचारतायत, पेस्ट कंट्रोल झालं तर वास कुठाय? मी त्यांना काय कागद दाखवत फिरू?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा माणूस वाईट नव्हता. त्याला औषध नको होतं, त्याला वास हवा होता.

"साहेब, मीटिंग कुठे आहे?"

"खाली. सोसायटी ऑफिसात."

"लोक तिथेच येणार ना सगळे?"

"तिथेच येतील."

मी दिलीपदादाकडे वळले. "दादा, गाडीतली बाटली काढ. खाली ऑफिसात जा. वासाचा हात मार. तुझा स्पेशल."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सगळा आठवडा ज्याचे हात बांधले होते, तो माणूस जिन्यावरून जवळजवळ धावत गेला. ऑफिस तळमजल्यावर, पुढच्या अंगाला. परबांचं घर पाचव्या मजल्यावर, मागच्या अंगाला. तिथून इथे झुळूकही येणार नव्हती, ते मी आधी तपासलं.

मीटिंगला मी नव्हते. संकेतने सांगितलं ते असं: लोक आत आले, नाकाला रुमाल लावले, आणि पहिलंच वाक्य निघालं, "बापरे, जोरदार मारलंय!" विषय चौथ्या नंबरवर होता, तो चव्हाण साहेबांनी पहिला घेतला. पेस्ट कंट्रोल झालं का? सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते, झालं नाही असं कोण म्हणणार? दुसऱ्या राउंडलाही तिथेच संमती मिळाली, फक्त कोणीतरी खोकत खोकत सुचवलं की तो ऑफिसात नको. शेजारणीने एकच अट घातली, पिशवीला गाठ मारा. पार्किंगचा वाद, जो दरवेळी तासभर चालतो, पुढच्या मीटिंगवर ढकलला गेला. बाळू राहिला.

दुसरा राउंड आम्ही ठरल्याप्रमाणे केला. खाचेत दोन-चार मिळाले, तेवढेच. त्यानंतर काकू रोज पेटीतल्या कागदाचा फोटो मला पाठवायच्या. कोरा कागद. पुन्हा कोरा कागद. मग एक दिवस फोटोऐवजी फोनच आला.

"बाय, बाळू जेवलो! आनी पाण्यात बसना नाय आता. मी रडतंय बघ."

मी वाळवीच्या कामावर होते, भिंतीला ड्रिल चालू होतं. मी ड्रिल बंद करायला लावलं आणि दिलीपदादाला ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "मग? आपण काम काय कच्चं करतो काय!" आणि त्या पार्टीच्या घरात आम्ही दोघं उगाचच हसत उभे राहिलो.

महिन्याभराने बाळूने कात टाकली, एकसंध, डोळ्यांच्या चकत्यांसकट. डॉक्टर म्हणाल्या, तब्येत ठीक असल्याची याहून चांगली खूण नाही.

तेव्हापासून नवीन काम घेताना मी पार्टीला दोनच गोष्टी विचारते. औषध कुठे मारायचंय? आणि वास कोणाला पाहिजे?